उंच माणूस, बुटकी गाडी : आसनाच्या मापाचा इतिहास

१/
गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव ओळखले जाते ते आपल्या तलावामुळे आणि नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारामुळे. अशा द्वारांतून जंगलात शिरणाऱ्या उघड्या जिप्सींत मागची आसने मुद्दाम उंच बसवलेली असतात. गवतापलीकडची हालचाल पाहुण्याला दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू.

२/
याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत, २००० च्या दशकात अगदी उलट प्रकृतीची गाडी घडत होती. तिच्यात बसणारा जवळजवळ रस्त्यालाच टेकलेला असे. आसन उंच असावे की सखल, हे गाडीच्या कामावर ठरते. पण ते आसन कोणत्या माणसाच्या मापाने ठरते? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

३/
कार्लेखिंडीतील कंपनीचे नाव चिंकारा मोटर्स. ग्विडो आणि शमा बोथे या दांपत्याने ती उभारली. तिची 'रोडस्टर' ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार. अंग फायबरग्लासचे आणि इंजिन १.८ लिटरचे इसुझु, म्हणजे आपल्या ओळखीच्या अँबेसेडरमध्ये बसणारे. रूप मात्र घेतलेले होते इंग्लंडच्या 'लोटस सेव्हन'चे.

४/
'लोटस सेव्हन' १९५७ साली आली. तिचा जनक कॉलिन चॅपमन वजनाचा हाडवैरी होता. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, दोन आसने आणि इंजिन, इतकाच तिचा संसार. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिचे वंशज आजही बनतात.

५/
स्पोर्ट्स कारचे आसन सखल का? वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, आणि वजन जितके वर तितका हा कल अधिक. 'सेव्हन'सारखी गाडी जेमतेम पाचशे किलोच्या आसपास भरते. तिच्यात चालकाचे सत्तर-ऐंशी किलो ही किरकोळ भर नव्हे. शिवाय गाडी बुटकी असली की वाऱ्याला छातीही कमी द्यावी लागते. म्हणून माणसाला खाली बसवायचे.

६/
येथे उंच माणसाची अडचण सुरू होते. मोटारीचा आराखडा ज्या बिंदूपासून आखला जातो, त्याला 'एच-पॉइंट' म्हणतात. मांडी आणि धड जिथे दुमडतात, तो हा कमरेचा सांधा. तो खाली नेला की पाय पुढे पसरतात, पाठ मागे रेलते आणि डोळेही खाली येतात. डोके आणि टप यांमधले अंतर याच हिशेबातून निघते.

७/
त्यातही फसवी गोष्ट अशी की, खरी महत्त्वाची असते ती बैठी उंची. सहा फुटांचे दोन मित्र एकाच गाडीत बसतात. ज्याचे पाय लांब, त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. ज्याचे धड लांब, त्याचे डोके टपाला लागते. उभ्याने घेतलेले माप सारखेच, पण बसल्यावर दोघांची दुखणी निराळी.

८/
या दुखण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६७ चे. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डची जीटी४० मालिकेतील 'मार्क ४' गाडी उतरली होती. मालिकेच्या नावातले '४०' म्हणजे गाडीची उंची, सुमारे ४० इंच. साध्या जेवणाच्या टेबलापेक्षा थोडी उंच, इतकेच.

९/
तिचा एक चालक होता डॅन गर्नी, उंची सुमारे ६ फूट ४ इंच. शिरस्त्राण घातल्यावर डोके टपाखाली मावेना. आसन आणखी खाली न्यायला तळाशी जागा नव्हती. शिवाय आसन एकट्या गर्नीचे नव्हतेच. आळीपाळीने गाडी चालवणारा त्याचा जोडीदार ए. जे. फॉइट त्याच्याहून बुटका होता.

१०/
अखेर अभियंत्यांनी टपालाच फुगवटा दिला. गर्नीच्या डोक्यावर आलेला तो उंचवटा 'गर्नी बबल' या नावाने प्रसिद्ध झाला. वाऱ्याचा एकेक धागा मोजणाऱ्या गाडीवर ते टेंगूळ उठून दिसे. जूनमध्ये गर्नी आणि फॉइट यांनी त्याच गाडीने शर्यत जिंकली. माणसासाठी गाडी वाकली, म्हणून काही ती हरली नाही.

११/
कारखान्याचे बळ पाठीशी नसलेल्या सामान्य मालकाने काय करावे? १९८९ साली माझदाची 'एमएक्स-५' ही छोटी उघडी गाडी आली आणि जगभर लाडकी झाली. तिच्या उंच मालकांनी निरनिराळे उपाय शोधले. त्यांतून आसन खाली नेण्याची एक घरगुती विद्याच तयार झाली. तिचे मुख्य मार्ग तीन.

१२/
पहिला मार्ग गादी कापण्याचा. आसनाचे आवरण उतरवायचे, आतील फोमचा थर कमी करायचा, आवरण पुन्हा ताणून बसवायचे. डोक्यावर इंच-दीड इंच मोकळे होतात. आपल्याकडे कोणताही सीटकव्हरवाला हे काम करून देईल, इतके ते सोपे दिसते.

१३/
दुसरा मार्ग बूडच बदलण्याचा. मूळ आसन पुढे-मागे सरकणाऱ्या रुळांवर बसलेले असते आणि त्या रुळांनाही आपली उंची असते. त्याजागी पातळ, एकसंध 'बकेट' आसन बसवून ते कंसांच्या साहाय्याने तळाच्या अगदी जवळ बांधतात. जागा मिळते, पण आसन एकाच जागी खिळते. घरातल्या बुटक्या माणसासाठी मग ती गाडी परकी होते.

१४/
तिसरा मार्ग तळ खाली नेण्याचा. 'सेव्हन'च्या वंशात आसनाखाली काढण्याजोगे काही उरलेलेच नसते. म्हणून कॅटरहॅमने उंच चालकांसाठी आसनाखालचा तळच खोलगट करून देण्याची सोय ठेवली, आणि अधिक लांब-रुंद सांगाड्याची आवृत्तीही काढली. पुढे 'आम्हांला हवे ते माप' मालक विकत घेऊ लागले.

१५/
हा तिसरा मार्ग भारतात महाग पडतो, आणि तो केवळ पैशांत नव्हे. तळ जितका खाली, तितका तो रस्त्याच्या जवळ. गावोगावच्या गतिरोधकांवर आणि पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांवर आधी घासतो तो हाच खोलगट भाग. डोक्याची जागा वाढवावी, तर पोटाखालची जागा जाते.

१६/
भारतीय मोटार उद्योगाने म्हणूनच बहुधा उलट वाट धरली. तळ तेवढाच ठेवून टप वर नेले. पुण्यात घडलेली टाटांची 'इंडिका' १९९८ साली आली ती ऐसपैस अंतर्भागाचा दावा करत. २००८ साली सादर झालेली 'नॅनो' जेमतेम ३.१ मीटर लांब होती, उंची मात्र १.६ मीटरहून अधिक. लहान गाडीत ताठ बसण्याची सोय ती हीच.

१७/
पहिल्या दोन मार्गांतील धोका मात्र गंभीर आहे. सुरक्षापट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवरून जावा, अशा बेताने त्याचे खिळे ठरवलेले असतात. गादी कापली की कंबर खाली जाते, पट्ट्याचा कोन बदलतो. अपघातात शरीर पट्ट्याखालून पुढे घसरण्याची आणि पट्टा मऊ पोटात रुतण्याची भीती वाढते.

१८/
आधुनिक आसनांत तर वजन ओळखणारे संवेदक आणि बाजूच्या एअरबॅगच्या ताराही असतात. सुरीच्या एका फटक्यात त्या तुटू शकतात. आरामासाठी मिळवलेला दीड इंच अशा वेळी जिवावर बेततो. मुळात माणसावर सुरी घेऊन आपल्याच आसनाला भिडण्याची पाळी का येते?

१९/
उत्तर मापाच्या इतिहासात आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत आसनाची मापे घेणारे प्रमाणित यंत्रमानव रूढ झाले. बहुतेक गाड्या सर्वांत बुटक्या ५ टक्के स्त्रिया आणि सर्वांत उंच ५ टक्के पुरुष वगळून, उरलेल्यांसाठी आखल्या जाऊ लागल्या. वगळलेल्यांनी आपापली सोय पाहावी, हे त्यात गृहीत होते.

२०/
'सरासरी माणूस' त्याआधीच कोसळला होता. अमेरिकी वायुदलातील गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची दहा मापे तपासली. दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा वैमानिक एकही निघाला नाही. १९५२ च्या त्याच्या अहवालाने आसन माणसाप्रमाणे सरकले पाहिजे, या विचाराला बळ दिले.

२१/
भारतात तोवर माणसे मोजली जात नव्हती काय? जात होती, पण हेतू वेगळा होता. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाकाच्या रुंदीवरून जातींची प्रतवारी लावू पाहिली. मोजपट्टी होती, पण ती माणसाला खुर्ची देण्यासाठी नव्हती. त्याची पायरी दाखवण्यासाठी होती.

२२/
या मोजपट्टीला महाराष्ट्रात वेगळे वळण दिले इरावती कर्वे यांनी. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या आणि गुरूच्या सिद्धान्ताला पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष मांडला. पुढे पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतले गेले.

२३/
१९५१ साली डेक्कन कॉलेजने कर्वे आणि संख्याशास्त्राचे जाणकार वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील शरीरमापांचा ग्रंथ प्रकाशित केला. एकाच नावाखाली मोडणारे समूहही शरीराने एकसारखे नसतात, हे अशा मापांतून कर्वे दाखवत राहिल्या. प्रतवारीचे हत्यार प्रतवारीवरच उलटले. तरीही आसनापर्यंत ही मापे पोहोचली नव्हती.

२४/
ते काम पुढच्या पिढीचे. १९९७ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रबर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ काढला. तो लिहिला गेला तो वस्तू घडवणाऱ्यांसाठी. खुर्ची, ओटा, यंत्र, वाहन भारतीय देहाला कसे जुळावे, हा त्याचा विषय.

२५/
आणि पुण्यात वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेल्या 'एआरएआय' या वाहन संशोधन संस्थेने 'साइझ इंडिया' नावाने भारतीय वाहनचालकांची मापे घेतली. त्यावरील शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजच्या ग्रंथाला तेव्हा साठ वर्षे झाली होती. त्याच शहरात मोजपट्टी अखेर चालकाच्या आसनाशी येऊन थांबली.

२६/
रिस्लेच्या पट्टीपुढे माणूस उभा राहिला की त्याची किंमत ठरत असे. आसनाच्या पट्टीपुढे माणूस बसला की वस्तूची परीक्षा होते. उंच चालकाचे डोके टपाला लागले, तर त्या परीक्षेत गाडी नापास झालेली असते. गर्नीच्या अभियंत्यांनी ते मान्य केले आणि टपाला टेंगूळ आणले.

२७/
म्हणून आसन खाली करायचे झाल्यास सुरीआधी मोजपट्टी हाती घ्यावी. बैठी उंची, गुडघ्याची जागा, पट्ट्याचा कोन, डोळ्यांची रेषा, या क्रमाने. चोरखमाऱ्याच्या जिप्सीत पाहुण्यासाठी आसन वर गेले, कॅटरहॅममध्ये चालकासाठी तळ खाली गेला. दोन्हीकडे आधी माणूस मोजला गेला आणि मग लोखंड वाकले.