पागलखाना चौक ते समुपदेशन कक्ष : एका दाराचा इतिहास

१/ वाडीहून अमरावती मार्गाने नागपुरात शिरताना विद्यापीठाचा परिसर लागतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, छिंदवाडा मार्गावर, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या चौकाला लोक आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. मनावर आघात झालेला विद्यार्थी समुपदेशकाकडे जायला का कचरतो, याचे एक उत्तर या नावात दडले आहे.

२/ कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले, त्याच १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. पोलिसांनी पकडावे, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यावा, अशी त्याची रीत. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे. १८६० च्या दंडसंहितेने आत्महत्येचा प्रयत्नही गुन्हा ठरवला (कलम ३०९). ज्याला आधार हवा, त्याच्या वाट्याला शिपाई आला.

३/ १९१२ च्या कायद्याने स्वेच्छेने दाखल होण्याची मुभा दिली. पण दार मात्र त्याच इस्पितळाचे राहिले.

४/ वेगळे दार मुंबईत उघडले. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाले. १९३७ मध्ये तेथे बाल मार्गदर्शन केंद्र निघाले. मुलाला वेडा न ठरवता, त्याचे घर आणि शाळा लक्षात घेऊन अडचण समजून घेण्याची ही पद्धत होती. आजच्या समुपदेशनाचे नाते इस्पितळापेक्षा या केंद्राशी अधिक जवळचे आहे.

५/ १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी ‘आयपीएच’ ही संस्था स्थापन केली. २०१२ मध्ये टाटा संस्थेची ‘आयकॉल’ दूरध्वनी सेवा आली. कुणी पाहील ही भीतीच उरली नाही.

६/ २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत, असे त्याचे कलम ११५ सांगते. मोजके अपवाद वगळता गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरला.

७/ २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमण्याचा निर्देश दिला.

८/ कायदा दीडशे वर्षांत इथवर आला. चौकाचे नाव मात्र लोकांच्या तोंडून गेलेले नाही. म्हणूनच खचलेल्या मित्रासोबत समुपदेशन कक्षाच्या दारापर्यंत कुणीतरी चालत जाणे महत्त्वाचे ठरते. तेही जमले नाही, तर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ सेवा आहे : १४४१६, विनाशुल्क, मराठीतही.