दोन्हीकडे सारखी चूक

माझ्या जेवणाच्या टेबलावर गेले चार महिने माथेरानचं वाफेचं इंजिन उभं आहे. लेगोचं. त्यामुळे आम्ही जेवतो सोफ्यावर. लहानपणी नेरळ स्टेशनात उभं असलेलं जुनं इंजिन पाहिलं होतं, तेच करायचं मनात होतं. बॉयलर, धुराडं, ड्रायव्हरची केबिन हे सगळं दोन रविवारांत झालं. मागच्या आसाला मोटर लावली आणि गाडी टेबलभर धावलीसुद्धा. पण तिच्याकडे पाहताना काहीतरी चुकतंय असं वाटायचं. वाफेचं इंजिन ओळखू येतं ते चाकांना जोडणाऱ्या, गोल गोल फिरत वरखाली होणाऱ्या दांड्यांमुळे. ते नसले की मग ती नुसती धुराडं असलेली मोटार.

म्हणून दांडे लावायला घेतले. लेगोच्या मोठ्या चाकांत मध्यभागापासून जरा बाजूला पिन बसवायचं भोक असतं. पुढच्या आणि मागच्या चाकात एकेक पिन बसवून त्यांच्यावर पट्टी चढवायची, दुसऱ्या बाजूलाही तेच करायचं, इतकं सोपं काम. इंजिन हातात उचलून धरलं आणि मोटर सुरू केली. अर्धी फेरी नीट झाली. मग खट्ट. मागचं चाक पुढे फिरत होतं आणि पुढचं चक्क उलटं. दांडे तिरके होऊन अडकले आणि एक पिन सोफ्याखाली गेली.

इथे एक कबुली देतो. माझ्या पदवीवर मेकॅनिकल इंजिनिअरिंग लिहिलंय, पोट भरतं कोडवर. तिसऱ्या सेमिस्टरला ‘थिअरी ऑफ मशीन्स’मध्ये हमखास येणारा प्रश्न होता : फोर बार चेनचे प्रकार सांगा. उत्तर वर्गातल्या सगळ्यांना पाठ होतं. बीम इंजिन, लोकोमोटिव्हचा कपलिंग रॉड, वॉटचा इंडिकेटर. कपलिंग रॉडची आकृतीही मी दोनदा काढली आहे, दोन वर्तुळं आणि त्यांना जोडणारी रेघ. पूर्ण मार्क मिळाले होते. दोन्ही क्रँक आणि दांडा एका सरळ रेषेत आले की त्या क्षणी दुसऱ्या चाकाला कुठल्या दिशेला वळायचं हे दांडा सांगूच शकत नाही, हे त्या आकृतीत मला कधी दिसलं नाही. ते दिसायला सोफ्याखाली हात घालावा लागला.

या जागेला डेड सेंटर म्हणतात. उपाय जुना आहे : एका बाजूचे क्रँक दुसऱ्या बाजूपेक्षा पाव फेरी, म्हणजे 90 अंश पुढे ठेवायचे. डावा दांडा डेड सेंटरवर असतो तेव्हा उजवा पूर्ण जोरात असतो, आणि उलट. खऱ्या रेल्वे कारखान्यांत चाकं आसावर दाबून बसवताना हा कोन साधण्यासाठी पुढे खास यंत्रं बनली. मला काय करावं लागलं? लेगोच्या आसाचा छेद अधिक चिन्हासारखा असतो, म्हणून चाक त्यावर चारच प्रकारे बसतं आणि दर दोन प्रकारांत बरोबर 90 अंशांचं अंतर. एका बाजूची चाकं काढली, एक घर फिरवून परत बसवली. वीस सेकंद.

या वीस सेकंदांमुळे मी इतिहासाकडे वळलो. कारण वाचायला लागल्यावर एक विचित्र गोष्ट लक्षात आली. रुळांवर चालणारं पहिलं वाफेचं इंजिन 1804 सालचं. चाकं जोडायला बाहेरून दांडे लावलेलं पहिलं इंजिन समजलं जातं ते 1825 सालचं. मधली एकवीस वर्षं अत्यंत हुशार माणसांनी गिअर, दातेरी रूळ, साखळ्या असं सगळं करून पाहिलं. मग सगळ्यांत साधी दिसणारी गोष्ट इतक्या उशिरा का आली?

रिचर्ड ट्रेव्हिथिकचं इंजिन 21 फेब्रुवारी 1804 रोजी साउथ वेल्समधल्या पेनिडॅरनच्या लोखंड कारखान्यातून निघालं. 10 टन लोखंड आणि 70 माणसं घेऊन ते सुमारे 16 किलोमीटर गेलं आणि वाटेत त्याच्या वजनाने बरेच बिडाचे रूळ मोडले. त्याला सिलिंडर एकच होता. म्हणून डेड सेंटर ओलांडायला भलंमोठं फ्लायव्हील, आणि तिथून एकाच बाजूने गिअरमार्फत चाकांना गती. 1812 मध्ये लीड्सच्या मॅथ्यू मरीने ‘सॅलमँका’ बनवलं. त्यात दोन सिलिंडर होते आणि त्यांचे क्रँक एकमेकांशी काटकोनात, म्हणजे माझी पाव फेरी तिथे हजर आहे. पण ती ताकद जात होती एका दातेरी चाकाकडे, जे रुळाच्या कडेच्या दात्यांत अडकून गाडी ओढायचं. गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंड घसरणारच, या भीतीपोटी ही सगळी खटपट.

ही भीती विल्यम हेडलीने न्यूकॅसलजवळच्या वायलम खाणीत घालवली, तीही मजेशीर पद्धतीने. त्याने एक गाडा बनवला, त्यावर माणसं उभी केली आणि त्यांना हँडलने चाकं फिरवायला लावली. गाड्यावर वजन वाढवत जायचं आणि मागे किती वाघिणी ओढल्या जातात ते बघायचं. पुरेसं वजन असेल तर गुळगुळीत चाकंही पकड घेतात, हे सिद्ध झालं. पण अट अशी की जास्तीत जास्त वजन फिरवल्या जाणाऱ्या चाकांवर हवं, म्हणजेच सगळी चाकं एकमेकांना जोडलेली हवीत. हेडलीने ती ‘पफिंग बिली’मध्ये गिअरने जोडली. ते इंजिन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. गिअरच्या दात्यांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे थोडं कमी-जास्त झालेलं ते पोटात घालतात. मोबदल्यात खडखडाट आणि झीज.

जॉर्ज स्टीफन्सनचं 1814 चं पहिलं इंजिनही गिअरवरच चाले. पुढच्याच वर्षी त्याने राल्फ डॉड्सबरोबर पेटंट घेतलं आणि पिस्टनचा दांडा थेट चाकाला जोडला. मोठी उडी होती ती. पण एक आस दुसऱ्याला जोडायला त्याने वापरली साखळी. साखळी ताणली जाते, सैल पडते, मग गाडी गचके देते. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तरी किलिंगवर्थच्या खाणीत तो साखळीवरच भागवत राहिला.

शेवटी 27 सप्टेंबर 1825 ला स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली, तेव्हा ‘लोकोमोशन’ इंजिनाच्या चाकांना बाहेरून दांडे होते. तेही सरळसोट नव्हे. त्याचे दोन सिलिंडर दोन वेगवेगळ्या आसांना फिरवत आणि दोघांत पाव फेरीचा फरक. म्हणजे पुढचा क्रँक खाली असेल तेव्हा मागचा आडवा. अशा दोन क्रँकना सरळ दांडा जोडायचा कसा? त्यांनी एका टोकाला आणखी एक छोटा क्रँक बसवून तो फरक मोडून काढला. हे वाचून मला फार बरं वाटलं. कोडमध्ये आम्ही रोज असलेच जुगाड करतो आणि वर कॉमेंट लिहितो : नंतर नीट करू. दांड्यांचं श्रेय काही जण टिमथी हॅकवर्थला देतात. तो काही काळ त्या कारखान्यात होता आणि 1827 च्या त्याच्या ‘रॉयल जॉर्ज’ला सहा चाकं जोडलेली होती, हे मात्र पक्कं.

आता मूळ प्रश्न. मला सुरुवातीला वाटलं, अचूकता नव्हती म्हणून उशीर झाला. गिअर आणि साखळी माफ करतात, दांडा करत नाही. दांड्याच्या दोन भोकांमधलं अंतर आसांमधल्या अंतराइतकंच हवं. दोन्ही चाकांवरच्या पिना मध्यापासून सारख्याच लांब हव्यात. दोन्ही आसांवरचा कोन सारखा हवा. यातलं एक जरी चुकलं तरी प्रत्येक फेरीत कुठेतरी करकचतं. मोजमापाची हत्यारं मागाहून सुधारली. सपाट पृष्ठभाग खरोखर सपाट कसा करायचा यावरचा जोसेफ व्हिटवर्थचा निबंध 1840 चा, स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवा हा त्याचा आग्रह 1841 चा. उत्तर नीट जुळत होतं. फक्त एक अडचण : ‘लोकोमोशन’ या सगळ्याच्या पंधरा वर्षं आधी धावलं.

अडचण सोडवली माझ्या स्वतःच्या पट्टीने. माझ्या मॉडेलमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांत 9 स्टडांचं अंतर आहे आणि मधला आस बरोबर साडेचारवर. लेगोचा एक स्टड 8 मिलिमीटरचा आणि पट्टीवरची भोकंही 8 मिलिमीटरवर. म्हणजे टोकांच्या पिना बसतात, मधली दोन भोकांच्या मध्ये येते. विकत मिळणारी कुठलीच पट्टी चालेना. कंपनीने 2009 मध्ये 1085 तुकड्यांचं ‘एमराल्ड नाइट’ हे फिरत्या दांड्यांचं सुंदर इंजिन काढलं होतं, पण तिथे चाकांची अंतरं मुळातच भोकांच्या हिशेबाने ठरवलेली. माझं इंजिन माथेरानच्या हिशेबाने. दांडे स्वतः बनवणं भाग होतं, 2 मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीतून.

पहिले दोन दांडे व्हर्नियरने मोजून, खुणा करून, वेगवेगळे बनवले. फुकट गेले. तेव्हा आठवले कॉलेजच्या वर्कशॉपमधले काका. पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब असायचा : लोखंडाचे दोन तुकडे कानसीने घासून एकमेकांत बसवायचे. मी आठवडाभर घासून दोन्ही तुकडे वाकडे केले. शेवटी काकांना पन्नास रुपये दिले आणि त्यांनी चहा संपायच्या आत जॉब करून दिला. त्यावर सही घेताना मला लाज वाटली होती, मार्क मिळाल्यावर गेली. पण घासता घासता ते जे बोलले ते डोक्यात राहिलं होतं. “माप चुकलं तर चुकू दे. दोन्हीकडे सारखं चुकव. आणि जिथं बसायचं तिथलं माप घे, कागदावरचं नको.”

चाकांच्या कोनाचं नेमकं हेच आहे. 90 हा आकडा पवित्र नाही. सगळ्या आसांवर 88 असेल तरी इंजिन सुखाने चालेल. एकावर 90 आणि दुसऱ्यावर 91 असेल तर अडकेल. आणि दांडा कुठल्या प्रमाणित मापाचा असण्याची गरजच नाही, तो त्या एका इंजिनाच्या आसांना बसला पाहिजे. हे काम व्हिटवर्थशिवाय होऊ शकतं. त्याला फिटर लागतो. दांड्याच्या टोकांत पितळी तुकडे बसवायचे, झीज झाली की पाचर ठोकून सारखे करायचे, त्या काळच्या दांड्यांची रीतच अशी. एका इंजिनाचा दांडा दुसऱ्याला बसेलच असं नाही.

म्हणून माझ्या मते 1815 आणि 1825 मधला खरा फरक कल्पनेचा नाही, जागेचा आहे. किलिंगवर्थला होती खाणीची डागडुजी करणारी लोहारशाळा. 1823 मध्ये स्टीफन्सन पितापुत्रांनी भागीदारांबरोबर न्यूकॅसलच्या फोर्थ स्ट्रीटवर कारखाना काढला, मुद्दाम इंजिनं बनवण्यासाठीच. तिथे दिवसभर इंजिनावरच कानस चालवणारे हात एका छपराखाली आले. त्यांतल्या बहुतेकांची नावं इतिहासात नाहीत. ‘लोकोमोशन’च्या दांड्याचं श्रेय जॉर्जचं की हॅकवर्थचं, यावर मात्र पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.

आणि दांड्यावर लगेच सगळ्यांचा विश्वास बसला असंही नाही. 1829 ची रेनहिलची शर्यत जिंकलेल्या प्रसिद्ध ‘रॉकेट’ला कपलिंग रॉड नव्हते. वेगाने धावणाऱ्या गाड्यांसाठी पुढे कित्येक वर्षं न जोडलेली, भल्यामोठ्या चाकांची एकच जोडी पसंत केली जायची. पॅट्रिक स्टर्लिंगची 8 फुटी चाकांची इंजिनं 1870 पासूनची. आपल्याकडे 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेणारी इंजिनं मात्र लँकेशरच्या व्हल्कन फाउंड्रीची, चार जोडलेल्या चाकांची होती.

माथेरानची तऱ्हा वेगळीच. 1907 मध्ये सुरू झालेला, दोन फुटी रुळांचा तो घाट इतका वळणांचा आहे की एका सरळ दांड्याने जोडलेले आस तिथे वळणारच नाहीत. बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने त्या इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस बसवले. बाहेरून दिसणारा आस पोकळ, आणि त्याच्या पोटात दुसरा. आतल्याला क्रँक आणि दांडे, तो कायम सरळ. बाहेरच्याला चाकं, तो वळणाप्रमाणे वळतो. दांड्याला वळण कळतच नाही. एवढं लेगोत जमवण्याची माझी ताकद नाही, मी मधली चाकं बिनकडेची लावून भागवलं आहे.

दांडे अखेर असे झाले : दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून व्हाइसमध्ये आवळल्या, खुणा मॉडेलच्या आसांवरूनच घेतल्या आणि तिन्ही भोकं दोन्ही पट्ट्यांतून एकदमच पाडली. मधलं भोक केसभर डावीकडे गेलंय, दोन्हींत सारखंच. गोल कानशीने ते थोडं मोकळं केलं. ही माझी मी स्वतः केलेली पहिली फिटिंग. मोटर चाकांना फिरवते आणि चाकं दांड्यांना, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या अगदी उलट. दांडे काढले तर गाडी उलट हलकी पळेल. ते मी काढणार नाही. सरळ रुळावर आता आवाज येत नाही. डाव्या वळणावर अजून दर फेरीला एक बारीक टक येते, म्हणजे त्या मधल्या भोकाला रविवारी पुन्हा कानस लावावी लागणार.