श्वास आणि रक्ताची गाठ : फुप्फुसातील वेळ मोजण्याचा इतिहास

फुप्फुस हा अवयव हवेचा की रक्ताचा, असे विचारले तर बहुतेक जण हवेचा असेच उत्तर देतील. छाती फुगताना दिसते, श्वास ऐकू येतो. रक्ताची हालचाल मात्र ना दिसते ना जाणवते. प्रत्यक्षात स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत मिनिटाला सुमारे चार लिटर ताजी हवा पोहोचते आणि त्याच मिनिटात तिथून सुमारे पाच लिटर रक्त वाहून जाते. शरीरातले सगळे रक्त ज्यातून जावेच लागते, असा हृदयाखेरीज हा एकच अवयव आहे.

हवा आणि रक्त यांची गाठ पडते ती वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत. विश्रांतीच्या वेळी रक्तातली तांबडी पेशी तिथे जेमतेम पाऊण सेकंद असते आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच तिचा प्राणवायू भरून होतो. म्हणून फुप्फुसाचे काम नीट चालले आहे का, हा प्रश्न केवळ हवा किती आणि रक्त किती एवढ्यापुरता राहत नाही. ही दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी पोहोचतात का, हे पाहावे लागते. एका भागात हवा भरपूर पण रक्त नाही, दुसऱ्या भागात रक्त भरपूर पण हवा नाही, अशी स्थिती असली तर एकूण बेरीज बरोबर येऊनही माणूस गुदमरतो. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकते तेव्हा नेमके हेच घडते. हवा जाते, रक्त जात नाही, आणि छातीचा साधा एक्स-रे कित्येकदा जवळजवळ निर्दोष दिसतो. स्थिर चित्राला न दिसणारी ही चुकामूक दिसावी म्हणून वैद्यकाला फुप्फुसापाशी घड्याळ घेऊन बसावे लागले. त्या प्रयत्नांचा हा इतिहास आहे.

आधी वाट सापडणे भाग होते. गेलनच्या शिकवणीनुसार हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असे शतकानुशतके मानले जात होते. तेराव्या शतकात कैरोत वैद्यकी करणाऱ्या इब्न अल-नफीस याने इब्न सिनाच्या ग्रंथातील शरीररचनेवर भाष्य लिहिताना स्पष्ट म्हटले की हा पडदा सलग आहे, त्याला छिद्रे नाहीत. रक्त फुप्फुसातून जाऊन, हवेशी मिसळूनच डाव्या बाजूला येते. हे लिखाण युरोपातल्या अभ्यासकांपुढे आले ते १९२४ मध्ये, बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितामुळे. मधल्या काळात सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी सोळाव्या शतकात हाच मार्ग मांडला होता. १६२८ मध्ये विल्यम हार्वे याने संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध केले. त्याच्या युक्तिवादाचा कणा वेळेचा होता. अर्ध्या तासात हृदयाचे हजाराहून अधिक ठोके पडतात; प्रत्येक ठोक्याला थोडेसेच रक्त बाहेर पडते असे धरले तरी अर्ध्या तासाची बेरीज इतकी होते की तेवढे रक्त खाल्लेल्या अन्नातून नव्याने तयार होणे अशक्य. तेव्हा तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. हार्वेला न दिसलेला शेवटचा दुवा, म्हणजे केशवाहिन्या, १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

वाट कळली, पण ती पार करायला रक्ताला किती वेळ लागतो? याचे पहिले नेमके उत्तर स्टुटगार्टच्या एका पशुवैद्याने दिले. एडुआर्ड हेरिंग याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस घोड्याच्या मानेतील एका बाजूच्या शिरेत पोटॅशियम फेरोसायनाइड सोडले आणि दुसऱ्या बाजूच्या शिरेतून ठराविक अंतराने रक्ताचे नमुने घेतले. नमुन्यात लोहाचा क्षार घातला की फेरोसायनाइड असल्यास निळा रंग येतो. ज्या नमुन्यात पहिला निळा रंग आला तो काढायला जितका वेळ लागला तितकी रक्ताची फेरी. हे उत्तर वीस ते तीस सेकंदांच्या घरात आले. एवढ्या अवाढव्य जनावराच्या शरीरातले रक्त अर्ध्या मिनिटात हृदय-फुप्फुसातून फिरून येते, हे त्या काळी थक्क करणारे होते.

माणसावर हा प्रयोग करायचा तर पुन्हा पुन्हा शीर टोचून चालणार नव्हते. बोस्टनचे हर्मन ब्लुमगार्ट यांनी १९२५ च्या सुमारास वेगळी युक्ती योजली. रेडियमपासून मिळणारा, सुमारे वीस मिनिटांचे अर्धायुष्य असलेला किरणोत्सारी पदार्थ त्यांनी एका दंडाच्या शिरेत टोचला आणि दुसऱ्या हातापाशी किरण टिपणारे उपकरण ठेवले. ओटो येन्स यांच्या साहाय्याने त्यासाठी त्यांनी विल्सनचे मेघकक्ष कामाला लावले होते. निरोगी माणसात एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतचा प्रवास सरासरी अठरा सेकंदांचा भरला. हृदय दुबळे झालेल्या रुग्णांत तो लांबला. रोगनिदानासाठी किरणोत्सारी पदार्थ वापरण्याची ही सुरुवात मानली जाते.

अशी उपकरणे सर्वत्र नव्हती. पण रुग्णाला नाक आणि जीभ होती. १९३० च्या दशकात डॉक्टरांनी त्यांचाच उपयोग केला. शिरेत थोडे ईथर टोचले की ते फुप्फुसात पोहोचून श्वासातून बाहेर पडते आणि रुग्णाला वास येतो. याला साधारण चार ते आठ सेकंद लागतात. सॅकरिन किंवा डेकोलिन टोचले तर ते फुप्फुस ओलांडून, हृदयाच्या डाव्या बाजूतून जिभेपर्यंत जाते आणि रुग्ण सांगतो, गोड लागले किंवा कडू लागले. याला नऊ ते सोळा सेकंद. दोन्ही वेळांची वजाबाकी केली की फुप्फुस आणि डावे हृदय ओलांडायला किती वेळ लागला, याचा अंदाज येई. धाप हृदयामुळे लागते की श्वसनमार्गाच्या विकारामुळे, हे ओळखायला डॉक्टर ही वजाबाकी वापरत. सगळे साहित्य म्हणजे एक सुई आणि एक सेकंदकाट्याचे घड्याळ.

तोवर एक्स-रे येऊन तीन-चार दशके झाली होती. त्यात हाडे दिसत, क्षयाचे डाग दिसत. रक्त मात्र दिसत नसे. १९३१ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरण अडवणारे द्रव्य सोडून फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे रॉब आणि स्टाइनबर्ग यांनी हातातल्या शिरेत द्रव्य टोचूनच हृदयाचे कप्पे आणि फुप्फुसाच्या वाहिन्या दाखवल्या. द्रव्य तिथे दोन-चार सेकंदच दाट असते. बटण लवकर दाबले तर ते पोहोचलेले नसते, उशिरा दाबले तर निघून गेलेले असते. त्यामुळे रक्ताची वेळ आधी मोजून मगच चित्र घ्यावे लागे. वेळ मोजणे ही आता चित्र काढण्याची पूर्वअट झाली.

आतापर्यंतचे मोजमाप सगळ्या फुप्फुसाचे मिळून होते. फुप्फुसाच्या कोणत्या भागात किती रक्त जाते, याचे उत्तर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मिळाले. तिथे १९५५ पासून वैद्यकीय संशोधनासाठी सायक्लोट्रॉन चालू होते आणि त्यातून जेमतेम दोन मिनिटांचे अर्धायुष्य असलेला किरणोत्सारी प्राणवायू मिळत असे. हा प्राणवायू ज्याच्या रेणूत आहे असा कार्बन डायऑक्साइड जॉन वेस्ट आणि कॉलिन डॉलरी यांनी माणसांना हुंगायला दिला आणि काही सेकंद श्वास रोखायला सांगितले. वायू प्रथम हवेबरोबर पसरतो आणि मग रक्त त्याला धुऊन नेते. छातीवर वर-खाली लावलेल्या गणकांवर कुठे गणती झरझर उतरते, कुठे रेंगाळते, हे पाहिले की त्या त्या ठिकाणचा रक्तप्रवाह कळे.

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. ताठ बसलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या शेंड्याला रक्त जवळजवळ पोहोचतच नाही. जसजसे खाली यावे तसतसे ते वाढत जाते. हवाही खालीच अधिक जाते, पण तिच्यातला फरक एवढा मोठा नसतो. म्हणजे निरोगी माणसाच्या फुप्फुसातही हवा-रक्ताचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते, आणि याला कारण साधे गुरुत्वाकर्षण. वरच्या भागात रक्ताच्या मानाने हवा जास्त, म्हणून तिथे प्राणवायूचा दाबही जास्त. प्रौढांतला क्षय फुप्फुसाच्या शेंड्याला का गाठतो, या आपल्याकडच्या प्रत्येक छातीरोगतज्ज्ञाच्या परिचयाच्या गोष्टीचे एक कारण म्हणून हेच दिले जाते.

सायक्लोट्रॉन गावोगाव असणे शक्य नव्हते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील जॉर्ज टॅपलिन आणि बाल्टिमोरचे हेन्री वॅग्नर यांच्या कामातून सोपी वाट निघाली. अल्ब्युमिन या प्रथिनाचे केशवाहिनीपेक्षा किंचित मोठे कण किरणोत्सारी करून शिरेत सोडायचे. ते रक्ताबरोबर फुप्फुसात जातात आणि हजारातल्या एखाद्या केशवाहिनीत काही तास अडकून मग विरघळतात. जिथे रक्त गेले तिथे कण गेले, म्हणून कॅमेऱ्यात रक्तप्रवाहाचा नकाशा उमटतो. धावते रक्त टोचणीच्या क्षणी जसे होते तसे जागच्या जागी थांबवून दाखवणारी ही युक्ती होती. जोडीला झेनॉन-१३३ हा किरणोत्सारी वायू श्वासातून द्यायचा. तो आत कसा भरतो, कसा पसरतो आणि साधा श्वास सुरू केल्यावर किती लवकर निघून जातो, हे टप्प्याटप्प्याने टिपायचे. दम्याने किंवा बिडीने बिघडलेल्या भागातून तो निघता निघत नाही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की हवा आहे पण रक्त नाही, असा भाग उठून दिसतो. गुठळीची ती खूण.

मुंबईत परळला १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. तुर्भ्याच्या अणुऊर्जा आस्थापनेचे, म्हणजे पुढच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे, ते अंग. आपल्यासारख्या देशात झेनॉन वेळेवर मिळणे आणि परवडणे ही अडचण होती. टेक्नेशियम मात्र जनरेटरमधून रोजच्या रोज काढता येते. त्याच्या द्रावणाचे अतिसूक्ष्म तुषार करून ते श्वासातून दिले तर हवेचा नकाशा मिळतो. भाभा केंद्रात यासाठी तुषारयंत्र तयार झाले आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कार्यक्रमातून ते आशियातल्या इतर देशांतही वापरले गेले. या सोयीची किंमतही होती. तुषार जिथे बसतात तिथेच राहतात, त्यामुळे हवा कुठे पोहोचली ते कळते. ती किती वेळात बाहेर पडली, हे झेनॉनसारखे कळत नाही.

या जोडचित्राची मर्यादा १९९० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासाने दाखवली. चित्र अगदी स्वच्छ असेल तर गुठळी जवळजवळ नाहीच, आणि ठळक दोष असून लक्षणेही तशीच असतील तर ती जवळजवळ नक्की. पण बहुसंख्य रुग्णांचा निकाल या दोहोंच्या मध्ये, शक्यतांच्या खात्यात पडत होता. दोनच वर्षांनी फ्रान्समधील लील येथे मार्टीन रेमी-जार्दँ यांनी सर्पिल सीटी स्कॅनने, एका श्वासात, गुठळी थेट दाखवली. तातडीच्या विभागांना हेच हवे होते आणि थोड्याच वर्षांत सीटीने जुन्या स्कॅनला मागे सारले.

सीटीलाही घड्याळ चुकवता आले नाही. यंत्र आधी फुप्फुसाच्या धमनीवर नजर ठेवते आणि द्रव्य तिथे पोहोचताच चित्र घेते. रुग्णाने त्याच क्षणी खोल श्वास ओढला तर पोटाकडून येणाऱ्या महाशिरेतले द्रव्य नसलेले रक्त हृदयात खेचले जाते, धमनी फिकट दिसते आणि निदान अडते. म्हणून श्वास किती घ्यायचा, कधी थांबवायचा, याची सूचना रुग्णाला नीट समजेल अशा भाषेत देणे हा तपासणीचाच भाग आहे.

आणखी महत्त्वाचे म्हणजे सीटी गुठळी दाखवते, पण रक्ताची वाटणी बिघडली आहे की नाही, हे नेहमीचे सीटी थेट सांगत नाही. काही रुग्णांत गुठळ्या विरघळत नाहीत. त्या भिंतीला चिकटून तंतुमय होतात आणि वर्षानुवर्षे धाप वाढत जाऊन उजवे हृदय थकते. अशा जुनाट गुठळ्या सीटीत निसटू शकतात. हवा-रक्ताचे जोडचित्र त्या क्वचितच चुकवते. म्हणूनच फुप्फुसातील रक्तदाब वाढलेल्या रुग्णासाठी युरोपीय तज्ज्ञसंघांची मार्गदर्शक तत्त्वे आजही ते जुने स्कॅन करायला सांगतात. या आजारात शस्त्रक्रियेने गुठळ्या काढता येतात आणि निवडक रुग्ण बरे होतात. निदानच झाले नाही तर ती संधी जाते.

गेल्या चाळीस वर्षांत घड्याळ पुन्हा चित्राच्या केंद्रस्थानी आले आहे. १९८० च्या दशकात शेफील्डला बार्बर आणि ब्राउन यांनी छातीभोवती इलेक्ट्रोडचा पट्टा बांधून सौम्य विजेच्या प्रवाहाने चित्र काढण्याची पद्धत आणली. हवा भरली की विजेला अडथळा वाढतो, रक्त आले की कमी होतो. या पद्धतीत सेकंदाला कित्येक चित्रे मिळतात आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला खाटेवरून हलवावे लागत नाही. १९९४ मध्ये झेनॉन-१२९ या किरणोत्सारी नसलेल्या वायूने एमआरआयमध्ये फुप्फुस प्रथम दिसले. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. २००९ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवले की काहीही न टोचता, रुग्णाला नेहमीसारखा श्वास घेऊ देऊन काढलेल्या एमआरआय चित्रमालिकेतूनही हवा आणि रक्त वेगळे काढता येतात. श्वासाची लय मिनिटाला पंधराच्या आसपास, हृदयाची सत्तरच्या आसपास. कीर्तनात टाळ आणि मृदंग एकाच वेळी वाजत असले तरी कान त्यांचे ठेके वेगळे ओळखतो, तसे गणिताने या दोन लयी वेगळ्या करायच्या.

हेरिंगच्या निळ्या रंगापासून इथपर्यंत साधने पार बदलली, प्रश्न तोच राहिला. दर वेळी अधिक स्पष्ट चित्राच्या मोहात वेळ बाजूला पडली आणि दर वेळी रुग्णाच्या धापेने ती पुन्हा विचारायला लावली. म्हणून धाप लागणाऱ्या माणसाच्या हाती 'एक्स-रे नॉर्मल' असा कागद येतो तेव्हा तपास संपत नाही. फुप्फुसाचा आकार ठीक आहे एवढेच त्या कागदाने सांगितलेले असते. त्यात हवा आणि रक्त वेळेवर भेटतात का, हे विचारायचे अजून बाकी असते.