वॉटर्लूपूर्वी गाविलगड

युरोपच्या प्रवासास निघालेला मनुष्य वॉटर्लूची रणभूमी पाहावयास जातो. टेकडीवरील सिंहाचा पुतळा पाहून १८१५ साली नेपोलियनचा पराभव करणाऱ्या वेलिंग्टनचे त्याला स्मरण होते. परंतु हाच सेनापती त्याआधी बारा वर्षे आमच्या वऱ्हाडात लढला होता, हे आपणांपैकी किती जणांच्या ध्यानात असते?

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावी त्याने भोसल्यांच्या फौजेचा मोड केला. नंतर इंग्रजांनी मेळघाटाच्या डोंगरांतून तोफा ओढीत नेल्या, गाविलगडाच्या उत्तर तटाला खिंडार पाडले आणि १५ डिसेंबरला गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या रजपुतांसह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व वऱ्हाड निजामाकडे आले.

जगातील थोर स्थळे अवश्य पाहावीत. मात्र जेत्याच्या स्मारकापुढे उभे असताना पराभूतांचीही आठवण ठेवणारी दृष्टी आपल्यापाशी हवी, आणि ती घरीच तयार होते. म्हणून, श्रोतेहो, वॉटर्लूस जाण्यापूर्वी चिखलदऱ्याशेजारचा तो पडका तट एकदा डोळे भरून पाहावा, एवढेच आमचे सांगणे आहे.