माणशी अर्धा एकर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याहून हडपसरमार्गे निघून दिवे घाट चढला, की पावसाची तऱ्हा बदलते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागात पोहोचेपर्यंत दमलेला असतो. तिथल्या नायगावची गोष्ट आज मला सांगायची आहे. हल्ली शेतात सौरपंप आणि ठिबकच्या नळ्या दिसल्या, की मला ती हमखास आठवते.

१९७२चा दुष्काळ माझ्या पिढीने शाळकरी वयात पाहिला. रेशनवर लाल मिलो, दुष्काळी कामावर सुकडी आणि रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं. त्यांतली पुष्कळ जण स्वतः जमिनीचे मालक होते! पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे ही कामं पाहायला गेले आणि एक प्रश्न घेऊन परतले. एवढे हात खडी फोडण्याऐवजी पाणी अडवायला का लावू नयेत? १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केलं. नायगावच्या देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेतली. बांध घातले, पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खणली. माळावर धान्य पिकू लागलं.

पाणी अडवणारी गावं पुढे अनेक झाली. साळुंखे वेगळे ठरले ते त्यानंतरच्या प्रश्नावर: आलेलं पाणी कुणाचं? ‘पाणी पंचायती’चं उत्तर सरळ होतं. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशोबाने वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. उसाला पाणी नाही. खर्चाचा २० टक्के भार शेतकऱ्यांनी उचलायचा आणि वाटप करायला पाटकरी गटानेच नेमायचा.

त्या काळी ठिबक आपल्याकडे रुजलेलं नव्हतं. इस्राएलमध्ये १९६५ साली नेताफिम कंपनी स्थापन झाली आणि हे तंत्र जगभर गेलं. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने ते महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवलं. सौरपंपाशी त्याची जोडी छान जमते. ठिबकला मोठा दाब लागत नाही, पाणी सावकाश पण दिवसभर हवं असतं. उन्हाळ्यात पीक तहानतं, तेव्हाच ऊनही भरपूर असतं. रात्रीच्या विजेसाठी विंचवाकाट्यांतून मोटार चालू करायला जाणं टळतं. कोरडवाहू भागातल्या छोट्या शेतकऱ्याला हे मोठंच वरदान आहे.

पण इथेच मला नायगाव आठवतं. केंद्राची ‘कुसुम’ योजना २०१९ साली आली, तर राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ साली. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचाचा, त्यापुढे साडेसातचा. अडीच एकर हा आकडा दोन्हीकडे आहे, पण एकीकडे तो घरातल्या माणसांवरून आला आणि दुसरीकडे सातबाऱ्यावरून. ज्याचं शिवार मोठं, त्याचा पंप मोठा; ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याला काहीच नाही. जमिनीखालचा झरा मात्र सगळ्यांचा एकच असतो.

शिवाय सूर्य बिल पाठवत नाही. डिझेल संपत नाही. मग पंप बंद करायला कारण काय? ठिबकने वाचलेलं पाणी आणखी दोन एकर भिजवायला वापरलं, तर विहिरीत शिल्लक राहायचं काय? पाणी उचलणं सोपं झालं, म्हणूनच वाटपाचे नियम जास्त गरजेचे झाले आहेत.

साळुंखे २००२ साली गेले. पंप बसण्याआधी गावाने एकदा बसून विहिरी मोजाव्यात, माणसं मोजावीत आणि उन्हाळ्यात कुणी किती उपसायचं हे ठरवावं. त्याला ना अनुदान लागतं, ना नवं यंत्र. नायगावच्या माळावर तेच घडलं होतं.