नाणेघाटाची अक्षरे आणि मानव्यविद्यांचे प्रयोजन

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापुरातून थळघाटाची वाट नाशिककडे चढते, तर मुरबाडमधील वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट जुन्नरला जाते. कोकणातील बंदरांचा माल देशावर नेणाऱ्या घाटवाटांनी भिन्न भाषा, श्रद्धा व आचारही वाहून नेले. त्यांची साक्ष आजही शिळांवर कोरलेली आहे.

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेशी संबंधित दीर्घ लेख आहे. त्याची लिपी ब्राह्मी व भाषा प्राकृत असून, आशय मात्र अश्वमेधादी वैदिक यज्ञांचा व दक्षिणेचा आहे. गाई, हत्ती, कार्षापण यांच्या संख्या अंकचिन्हांनी दिलेल्या असून, भारतातील प्राचीन अंकलेखनाचा तो महत्त्वाचा पुरावा होय. घाट ओलांडून जुन्नरला जावे, तर तेथील बौद्ध लेण्यांत यवनांची दाने नोंदलेली दिसतात. इरिल नामक यवनाने पाण्याची दोन टाकी, तर चिट नामक यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतही दात्तामित्रीच्या योनक इंद्राग्निदत्ताचे लेणे आहे.

ही अक्षरे कित्येक शतके मूक होती. वाटसरू त्यांच्यासमोरून जात. परंतु ती वाचणारा कोणी नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचे वाचन सिद्ध केले. पुढे, १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकलणारे पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी नाणेघाटाच्या लेखांचा व अंकांचा सखोल अभ्यास केला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वैदिक यज्ञसंस्था, बौद्ध संघजीवन, यवनांचा इतिहास आणि नाणकशास्त्र यांपैकी एकच जाणणाऱ्यास या घाटवाटांचा इतिहास अर्धाच कळतो. आपली परंपरा समजून घेण्यासाठीही इतरांच्या परंपरांचे अध्ययन आवश्यक ठरते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत स्थापन केलेल्या महाविद्यालयास पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले, यातही हाच बोध आहे. मिलिंद हा यवन राजा होता आणि भिक्खू नागसेनाला शंका विचारल्यामुळेच तो पालि वाङ्मयात चिरंजीव झाला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पालि व प्राकृत या भाषांना अभिजात दर्जा मिळाला. तथापि दर्जा मिळाल्याने शिलालेख वाचता येत नाहीत. त्यासाठी अभ्यासक घडावे लागतात. ग्रामीण कुटुंबांपुढील उपजीविकेची चिंता खरी आहे, म्हणून तिची उपेक्षा करता कामा नये. परंतु कला शाखा म्हणजे कमी गुण मिळालेल्यांचा आसरा, ही समजूत कायम राहिली, तर आपल्याच डोंगरावरील लेखाचा अर्थ मुरबाडच्या मुलामुलींना नेहमी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागेल. त्यांच्यापैकी काहींनी तरी ब्राह्मी व प्राकृत शिकून नाणेघाट चढावा, आणि तो लेख स्वतः वाचावा.