वाण्याची वही

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मुलगा आणि सून पुण्याहून घरी आले होते. जेवणं झाल्यावर मुलाने मोबाइल पुढे केला. म्हणाला, "अब्बा, हे जरा बघता का?" दोन क्रेडिट कार्डांची मिळून १ लाख ८६ हजारांची बाकी होती. त्याखाली एक ओळ : किमान देय रक्कम. ती ९,३०० रुपये. गेले दहा महिने तो किमान रक्कम इमानेइतबारे भरत होता आणि बाकी कमी होण्याऐवजी वाढली होती.

मी जुन्या सवयीने कागद-पेन्सिल घेऊन बसलो. महिना साडेतीन टक्के व्याज, व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ९,३०० पैकी ७,६०० हून जास्त व्याजातच गेले. मुद्दलात पडले जेमतेम सोळाशे. आणि त्याच महिन्यात किराणा आणि बाहेरून मागवलेलं जेवण मिळून चार-साडेचार हजार त्याच कार्डांवर नव्याने चढलेले. मागची बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तूरडाळ डब्यात पडण्याआधीच तिच्यावर व्याज सुरू झालं होतं.

मला राग यायला हवा होता. आठवली मात्र अम्माची वही.

मी काही इतिहासकार नाही. कविता लिहितो, आणि बी.ए.ला इतिहास होता एवढाच आधार. पण ज्या घरात वाढलो त्या घराचा इतिहास या वहीत आहे. लाल कापडी पाठीची, हातभर वापरून मळलेली. मूळ खातं वाण्याकडे, त्याची धाकटी नक्कल आमच्याकडे. तांदूळ, गूळ, चहापत्ती, घासलेट. समोर आणा-रुपयांच्या जुन्या वळणाने लिहिलेले आकडे. अब्बा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पगाराच्या संध्याकाळी आधी वाण्याकडे जायचं, मग घरी, असा रिवाज होता. आमच्या घरात तेव्हा एकच कार्ड होतं, रेशनचं.

ही वही गिरणगावात आली कुठून? गरीब माणूस उधळ्या असतो, लग्नाकार्यात कर्ज काढतो आणि बुडतो, असं पांढरपेशे लोक तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. त्यात थोडं तथ्य असेल. पण मुळाशी पगाराची तारीख होती. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला हाती पडे. साताऱ्याहून किंवा रत्नागिरीहून आलेला माणूस आज कामाला लागला, तर पहिला पैसा दिसायला त्याला दीड महिना थांबावं लागे. हा दीड महिना त्याने खायचं काय? म्हणून पहिल्याच दिवशी वाण्याकडे किंवा खानावळीत खातं उघडायचं. माणूस कमवायला लागण्याआधी देणेकरी व्हायचा. एकदा ते सहा आठवडे अंगावर पडले की ते आयुष्यभर पुढे ढकलत न्यावे लागत. १९३६च्या वेतन अदायगी कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे १० तारखेच्या आत द्यायचं बंधन आलं. तोवर वही घरोघरी रुजली होती.

१९२३ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने एक अहवाल छापला. त्याचे कर्ते फिंडले शिरास. मुंबईतल्या २,४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च त्यांच्या माणसांनी १९२१-२२मध्ये दारोदार जाऊन टिपले होते. सरासरी कुटुंबाची महिन्याची कमाई ५२ रुपये ४ आणे ६ पै. खर्चाच्या शंभर रुपयांतले ५६.८ पोटात जात, ९.६ कपड्यांत, ७.७ भाड्यात, ७.४ सरपण आणि दिव्यात. शंभरातली ४७ कुटुंबं कर्जात होती आणि ते कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं. व्याजाचा रिवाजी दर रुपयाला महिना एक आणा. आज हा दर ऐकताना छोटा वाटतो. हिशेब केला तर वर्षाला ७५ टक्के होतो.

या अहवालातला एक निष्कर्ष मला कुठल्याही कवितेपेक्षा जास्त छळतो. कामगाराच्या पोटात जाणाऱ्या धान्याची तुलना शिरास यांनी दोन सरकारी पुस्तकांशी केली. दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल मात्रेइतकं धान्य कामगार खातो, पण मुंबईच्या जेल मॅन्युअलने कैद्याला नेमून दिलेल्या आहारापेक्षा ते कमी भरतं, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे दहा दहा तास उभं राहून कापड विणणाऱ्यापेक्षा भायखळ्याच्या तुरुंगातला माणूस जास्त जेवत होता. निदान कागदावर तरी.

नंतर ब्रिटिश सरकारने शाही कामगार आयोग नेमला. व्हिटली त्याचे अध्यक्ष. १९३१च्या त्याच्या अहवालातलं चित्र आणखी काळं आहे : बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोन तृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात, आणि त्यातल्या बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त. वसुलीसाठी कारखान्याच्या दाराशी ठाण मांडून बसणं हा गुन्हा ठरवा, अशी शिफारसही आयोगाने केली. ती पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या पठाणासारख्या सावकारांमुळे. हा पठाण आमच्याच धर्माचा. व्याज हराम, हे त्याला ठाऊक आणि देणाऱ्यालाही ठाऊक. अब्बा म्हणायचे, त्याच्यासोबत नमाजला एका रांगेत उभं राहता येतं, त्याच्या वहीत उभं राहायचं नाही.

इथे कायद्यातली एक गंमत सांगतो. व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, हा आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम. मुंबईच्या न्यायालयांनी तो हिंदू कायद्याचा भाग म्हणून मानला, त्यामुळे ऋणको हिंदू असेल तरच तो लागू. मुसलमान ऋणकोला ती सवलत नाही. पोट दोघांचं सारखंच, पण व्याजाला लगाम एकालाच. १९४६च्या मुंबई सावकारी कायद्याने ही मर्यादा सर्वांना दिली. त्या कायद्यातून बँकांची कर्जं मात्र वगळलेली होती. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नसणार, कामगाराला बँक दारात उभं करतच नव्हती.

आमच्या चाळीत तळमजल्यावर एक मावशी खानावळ चालवायच्या. पंधरा-वीस गडी जेवायला. जेवणाचे पैसे पगाराला, खाडे वजा करून. गडी मावशींचे देणेकरी, मावशी वाण्याच्या, वाणी दाणाबंदरच्या व्यापाऱ्याचा. मधल्या कुणी श्वास घ्यायला थांबलं की अख्खी साखळी अडायची आणि मावशींचं मंगळसूत्र गहाण पडायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. दुसऱ्यांना जेवू घालणं हा धंदा आहे, हे बँकेने पहिल्यांदा मानलं ते तेव्हा.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा. पहिले दोन-तीन महिने हुरूप होता. मग मावशींचे गडी एकेक करून गावी गेले, बाकी तशीच ठेवून. वाण्याने आमची उधारी तोडली नाही. हा त्याचा चांगुलपणा होताच, पण अम्माला त्याची दुसरी बाजूही कळत होती. उधारीचा भाव रोखीपेक्षा किलोमागे चार-आठ आणे चढा असायचा आणि खातं थकलेलं असताना दुसऱ्या दुकानात रोखीने घ्यायला जायचं तोंड नसायचं. व्याज वहीत लिहिलेलं नव्हतं, ते तांदळाच्या भावात होतं.

दीड वर्षाने अब्बा भिवंडीच्या यंत्रमागांवर लागले, तेव्हा बाकी २,३४० रुपये होती. अम्मा वाण्यासमोर जाऊन बसली. म्हणाली, "शेठ, या पानावर रेघ मारा. आजपासून जे नेईन ते रोख. आणि या पानावर महिना चाळीस." शेठ म्हणाले, "भाभी, चाळीस कुठून काढणार? मुलं आहेत." ती काही बोलली नाही.

चाळीस रुपये कुठून काढले ते मी पाहिलंय. बासमती तर कधी नव्हताच, आता तांदळाच्या जागी कणी आली. फोडणी रेशनच्या पामतेलाची, तीही एका वेळेला. डाळ एक दिवसाआड, मधल्या दिवशी कुळथाचं पिठलं. मटण ईदपुरतं, एरवी जवळा. चहात दूध फक्त अब्बा घरी येतील त्या दिवशी. सगळ्यांच्या मागून अम्मा बसायची आणि टोपाला लागलेलं पावाने पुसून खायची. शिरास यांच्या माणसांनी आमच्याकडे येऊन जमाखर्च टिपला असता, तर चाळीस रुपये 'कर्जफेड' या सदरात गेले असते. ते अन्नातून आले होते, हे कुठल्या सदरात लिहिणार?

आणि गंमत पाहा, क्रेडिट कार्डही जेवणाच्याच बिलातून जन्मलं. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या पहिल्या प्रसिद्ध कार्डाचं नावच डायनर्स क्लब, जेवणाऱ्यांची मंडळी. पण ते वाण्याच्या वहीसारखं होतं : महिनाअखेर सगळं चुकतं करायचं. थोडं भरा, बाकी व्याजाने पुढे न्या, ही सोय १९५८मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात वाटलेल्या बँकअमेरिकार्डने रूढ केली. तिथे वही आणि पठाण एकाच तुकड्यावर आले. आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँकेने कार्ड काढलं, अब्बांच्या संपाच्या दोन वर्षं आधी. कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं अनुचित, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये ठरवलं होतं. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

आमच्याकडे जनाज्याच्या नमाजआधी घरच्यांपैकी एकाने उभं राहून विचारायचं असतं : मरहूमांकडे कुणाचं देणं असेल तर सांगा, आम्ही फेडू. १९९६ साली अब्बांच्या वेळी ते वाक्य माझ्या वाट्याला आलं. शेठ दुकान बंद करून आले होते, डोक्याला रुमाल बांधून मशिदीच्या भिंतीशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

त्या रात्री मी कपाटातून ती वही काढली. मुलाने आधी कार्डावरचा किराणा बंद करायचा आणि जुन्या बाकीचं बँकेकडून कमी व्याजाच्या हप्त्यांत रूपांतर करून घ्यायचं, एवढं आमचं ठरलं. रेघ मारण्याचाच प्रकार. महिन्याचा किराणा किती, हे मात्र दोघांनाही सांगता आलं नाही. सूनबाई पानं उलटत होती. जुलै १९८३ : जमा ४०. ऑगस्ट : जमा ४०. अशा ओळी खाली खाली जात मे १९८८च्या शेवटच्या वीस रुपयांपर्यंत. मध्येच ती थांबली.

"जून पंच्याऐंशीला काहीच जमा नाही," ती म्हणाली.

मला आठवायला वेळ लागला नाही. त्या वर्षी रमजान ईद जूनमध्ये होती आणि शाळाही जूनमध्येच सुरू झाली होती.

तिने बोट खालच्या ओळीवर सरकवलं. जुलै : जमा ८०.